लाल बावट्यावाल्यांच्या मीटिंगला परत जावं का?

थर्डशिफ्ट
नमस्कार मंडळी. चारपाच वर्षं नुसता वाचतोय, पहिलाच धागा, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आधी माझी कुंडली सांगतो म्हणजे प्रश्न कळेल. आजोबा लोअर परळच्या गिरणीत साचेवाले (मागावर कापड विणणारे), लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनचे पक्के. वडील बदली कामगार म्हणून लागले आणि ८२ च्या संपात जे गावी आले ते आलेच. मी आयटीआय फिटर, चाकणला अकरा वर्षं ठेकेदाराकडे. दर सातआठ महिन्यांनी ब्रेक, म्हणजे सलग नोकरी धरली जाऊ नये म्हणून २४० दिवस भरायच्या आत गेटपास काढून घ्यायचा, पंधरा दिवसांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच लाईनला परत उभं करायचं. ज्यांना माहितीय त्यांना माहितीय.

गेल्या वर्षी आमच्यातल्या शंभरेक जणांना एका दमात घरी बसवलं. पगाराचा हिशोब अर्धवट, दोन महिन्यांचा पीएफ कापलाय पण पासबुकात दिसत नाही. एका मित्राच्या ओळखीने पुण्यातल्या एका डाव्या संघटनेकडे गेलो. नाव घेत नाही, माणसं वाईट नाहीत. रविवारी पाच वाजता मीटिंग, पेठेतल्या एका जुन्या वाड्यात वरचा मजला. आम्ही सहाजण दोन बस बदलून गेलो. गोल करून खुर्च्या, कोरा चहा, साखर वेगळ्या वाटीत. मग ओळखी झाल्या त्यात पाऊण तास. मग जागतिक परिस्थिती. मग पत्रक काढायचं ठरलं आणि त्यात "कामगार" लिहायचं का "श्रमिक" का "कष्टकरी" यावर जी चर्चा सुरू झाली ती अर्धी इंग्लिशमध्ये, आमचा पीएफ निघाला तेव्हा सव्वाआठ वाजलेले. मी म्हटलं साहेब आम्हाला बस आहे. तर म्हणाले साहेब नाही, कॉम्रेड म्हणा.

निघताना एक पोरगा कॅमेरा घेऊन आला, तुमच्या हाताचा फोटो काढू का पोस्टरसाठी. म्हटलं काढ. मूठ वळा म्हणाला. वळली. अजून घट्ट म्हणाला. आता माझं उजव्या हाताचं एक बोट प्रेसखाली सापडलं होतं, ते मिटत नाही पूर्ण. त्याने मग डाव्या हाताचा काढला.

आता त्यांची कामगार परिषद आहे पुढच्या महिन्यात, मला स्टेजवरून पाच मिनिटं "अनुभव" मांडायला बोलावलंय. प्रश्न साधा आहे, जावं का? आणि दुसरा जरा मोठा, की आजोबा ज्या झेंड्याखाली जन्मभर उभे राहिले तिथे मला पाहुण्यासारखं का वाटलं? तुमच्या घरात असं झालंय का?

तिरकस
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याची शंभरी नक्की.

बाकी ते कामगार, श्रमिक की कष्टकरी, शेवटी काय ठरलं?

थर्डशिफ्ट
@तिरकस श्रमजीवी.

तिरकस
😂😂 मेलो

चिंचपोकळीचा_नातू
थर्डशिफ्टभाऊ, अगदी पोटातलं लिहिलंत. आमचे पण आजोबा गिरणीतले, लालबागची चाळ, आठ बाय दहाच्या खोलीत गावची सात माणसं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आजोबा सांगायचे की परळच्या दळवी बिल्डिंगमध्ये युनियनचं ऑफिस, तिथे पाळी सुटल्यावर कधीही जा, कोणीतरी बसलेलं असायचं. जॉबरने (मुकादमाने) शिवी दिली, बदलीचा पास दिला नाही, मुलाला शाळेत घेत नाहीत, सगळ्याचं गाऱ्हाणं तिथे. आणि पुढारी वरून आलेले असले तरी (डांगे काय, निंबकर काय, शिकलेलीच माणसं होती) खालची फळी पूर्ण चाळीतली होती. लाल बावट्याचे कृष्णा देसाई आमदार झाले तरी लोकांना ते आपल्या गल्लीतलेच वाटायचे. ५ जून १९७० ला त्यांचा खून झाला, आजोबा तो दिवस सांगताना अजून थांबायचे मधे. आणि लगेच त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या असताना शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. आजोबांनी बाईंना मत दिलं. माझे थोरले काका तेव्हा एकवीस वर्षांचे, त्यांनी महाडिकांचं काम केलं. एकाच खोलीत, एकाच पंगतीला.

काकांना विचारलं होतं मी एकदा, का केलंत. म्हणाले, दादांच्या (म्हणजे आजोबांच्या) युनियनमध्ये मला काम काय होतं? सतरंज्या घालायच्या. शाखेत मला गटप्रमुख केलं. आणि रात्री दोन वाजता कोणाला केईएमला न्यायचं असलं की शाखेची पोरं उठायची. विचारधारा वगैरे काय नाय रे, असं म्हणाले.

निळा_कंदील
हा धागा आता नेहमीच्या वळणावर जाणार, "पूर्वीचे कम्युनिस्ट किती ग्रेट आणि आताचे किती एसी". म्हणून आधीच एक पाचर मारून ठेवतो.

माझे पणजोबा पण गिरणीत होते. पण ते साचेवाले नव्हते आणि होऊच शकत नव्हते. कापडखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, आमच्या लोकांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला) धागा सरला की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि महाराच्या तोंडाला लागलेला धोटा बाकीच्यांना कसा चालणार. कापडखात्यात पगार जास्त. म्हणजे बघा, मालकाने नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या कामगारानेच अडवलेलं. १९२८ चा तो सहा महिन्यांचा मोठा संप झाला, तेव्हा बाबासाहेबांनी हाच प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता, की एवढ्या मागण्या करताय तर ही पण करा. पुढाऱ्यांना संपाची एकी महत्त्वाची होती, आणि एकी कोणाची ते उघड आहे.

थर्डशिफ्ट, तुम्हाला एका संध्याकाळी पाहुण्यासारखं वाटलं. आमच्या घरात ते तीन पिढ्या वाटतंय. टोमणा नाही हा, खरंच. तुम्ही लिहिलंत त्यातलं ते "साहेब नाही, कॉम्रेड म्हणा" वाचून हसू आलं कारण कॉम्रेड म्हणून हाक मारणारे पाण्याचं मडकं मात्र वेगळं ठेवायचे हे आमच्या आजीने पाहिलेलं.

चिंचपोकळीचा_नातू
@निळा_कंदील मान्य. आजोबा कापडखात्यातले होते आणि हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी पहिल्यांदा हे कॉलेजात वाचलं तेव्हा त्यांना विचारलं, तर म्हणाले "तेव्हा तसंच होतं." पुढे बोलले नाहीत.

निळा_कंदील
आणि हे पण सांगायला हवं नाहीतर अर्धवट होईल, ७ नोव्हेंबर १९३८ ला काळ्या कायद्याविरुद्ध (संपावर बंधनं घालणारं विधेयक होतं ते) बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी एकत्र एक दिवसाचा संप केला होता. बाबासाहेब आणि डांगे एका व्यासपीठावर. म्हणजे जमत होतं, मनात असलं की.

भोसरीकर_उद्योजक
माझं छोटं वर्कशॉप आहे, चौदा माणसं. इथे मला शिव्या पडणार माहिती आहे. पण एक सांगतो, हे सगळे झेंडेवाले कधी माल मार्केटला विकायला गेलेले नाहीत. ऑर्डर तीन महिने असते, तीन महिने नसते. मोठी कंपनी नव्वद दिवसांनी पैसे देते. परमनंट कुठून करू? युनियनने मुंबई संपवली, आता पुणे संपवा.

थर्डशिफ्ट
@भोसरीकर तुमच्याकडे पीएफ भरता का सगळ्यांचा?

भोसरीकर_उद्योजक
अकरा जणांचा. तिघे नवीन आहेत.

बॉयलरमन
किती वर्षं नवीन आहेत? 😄

असो. "युनियनने मुंबई संपवली" हे वाक्य आलं की मला राहवत नाही. वडील १८ जानेवारी १९८२ ला बाहेर पडलेल्या अडीच लाखांतले एक. आधी एक दुरुस्ती, त्या संपाचे पुढारी दत्ता सामंत कम्युनिस्ट नव्हते. घाटकोपरचे डॉक्टर, खाणकामगारांपासून सुरुवात, काँग्रेसमधून आलेले. गिरणी कामगार त्यांच्याकडे गेले तेच मुळी बाकी सगळ्यांना कंटाळून. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता एकाच युनियनला, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, काँग्रेसची. वर्गणी कोणाला का देईना, करार तेच करणार. लाल बावटा होता पण डांग्यांच्या पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिलेला, तो लोक विसरले नव्हते. मग ८१ च्या दिवाळीत बोनसवरून पोरं स्वतः उठून डॉक्टरांच्या घरी गेली की आमचं पुढारीपण घ्या. डॉक्टर म्हणे टाळत होते आधी. तेव्हा हे जे म्हणतात ना की पुढाऱ्यांनी भोळ्या कामगारांना फसवलं, त्यांनी जरा कामगारांना पण अक्कल असते हे धरून चालावं.

चुकलं काय तर परतायचा रस्ता कोणी आखला नव्हता. तो संप अधिकृतपणे आजही मागे घेतलेला नाही. आई सांगते पहिले तीन महिने गावाकडून तांदूळ आला, मग पितळेची भांडी गेली, मग वडील रात्री दहानंतर घरी यायला लागले, म्हणजे दुकानदार झोपल्यावर. गिरण्या मोडकळीला आलेल्याच होत्या, मालकांना जमीन दिसत होती. फिनिक्स गिरणीच्या जागी आता मॉल आहे, जाऊन बघा. वडील एकदा नातवाला घेऊन गेले होते, चिमणी दाखवायला. आईस्क्रीमचं बिल बघून परत आले.

आणि हो, "८२ ने डावे संपले" हे पण अर्धवट. ७० ला देसाईंची जागा गेली तरी ७४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत त्याच पट्ट्यातून डांग्यांची मुलगी रोझा देशपांडे निवडून आली होती. गिरणगावने एका रात्रीत नाही सोडलं. सोडायला पंधरावीस वर्षं लागली आणि रोज थोडं थोडं सोडलं.

शाल्मली_के
मी थर्डशिफ्ट यांच्या गोष्टीतल्या त्या खुर्च्यांवर बसलेली बाई आहे. म्हणजे त्याच संघटनेत असेनच असं नाही, पण तसल्याच एकीत सहा वर्षं होते. कोथरूड, मराठी माध्यम, मग फर्ग्युसन, मग चळवळ. त्यामुळे दोन शब्द आमच्या बाजूने.

एक, फोटोबद्दल माफी मागण्यासारखंच आहे, ते वाचून कानकोंडी झाले. दोन, इंग्लिशचं म्हणाल तर आमच्यात एकजण केरळचा, एक बंगालची, हिंदी कोणाचंच धड नाही. पण हे कारण आहे, सबब नाही, अनुवाद करायला मीच बसायचे आणि कंटाळा आला की "थोडक्यात सांगायचं तर" म्हणून चार वाक्यांत उरकायचे. आता आठवलं की लाज वाटते. तीन, लोकांना वाटतं यांना बाहेरून पैसा येतो. मी महिना सात हजारांवर दोन वर्षं काढली, त्यातले दोन हजार रिक्षा आणि झेरॉक्स. घरच्यांनी बोलणं सोडलेलं. आंदोलनात कलम लागलं तर तारखेला आम्हीच उभे.

पण खरं सांगू का, मी सोडलं ते या सगळ्याने नाही. आमच्याकडे एक घरकाम करणारी ताई यायची, फार हुशार, बोलायला लागली की हॉल गप्प. तिला प्रत्येक कार्यक्रमात बोलायला लावायचो. एकदा तिने कार्यकारिणीत यायचं म्हटलं. तर आमच्या एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तिची वैचारिक तयारी अजून कमी पडते. त्यांची स्वतःची बाई दहा वर्षं त्यांच्याकडे कामाला, तिला आठवड्याची सुट्टी नव्हती. मी विचारलं तर म्हणाले तो व्यक्तिगत प्रश्न आहे. मग मी पण व्यक्तिगत कारणाने येणं बंद केलं.

तिरकस
"वैचारिक तयारी" ची परीक्षा कुठे असते? क्लास आहेत का? फी किती?

सुरगाणेकर
सगळे पुण्यामुंबईचं बोलतायत म्हणून आमच्याकडचं सांगतो. आमच्या तालुक्यात लाल झेंडा म्हणजे घरातली गोष्ट आहे. कॉम्रेड हा शब्द आम्ही भाऊसारखा वापरतो, त्यात काय विशेष वाटत नाय. किसान सभेचा (डाव्यांची शेतकरी संघटना) आमचा माणूस आमच्याच बोलीत बोलतो, त्याची पण भातशेती आहे, पाऊस गेला तर त्याची पण जाते. वनपट्ट्याचा दावा भरायचा तर नकाशा, पुरावे, ग्रामसभेचा ठराव, हे सगळं रात्री कंदिलावर त्याने लिहून दिलंय गावाचं. २००६ चा वनहक्क कायदा म्हणजे काय हे तहसीलदाराच्या आधी आम्हाला कळलं.

२०१८ च्या मार्चमध्ये किसान सभेच्या मोर्च्यात नाशिकहून मुंबईला चालत गेलो तेव्हा मी होतो. सहा दिवस, चप्पल ठाण्याच्या आधीच तुटली, पायाला फोड. शेवटच्या रात्री सायनच्या मैदानात मुक्काम होता, तर निरोप आला की सकाळी दहावीची परीक्षा आहे, ट्राफिक अडेल, पोरांना त्रास नको. सकाळची वाट न बघता रात्रीच उठून आझाद मैदानापर्यंत चाललो. कोणी कुरकुर केली नाय. कारण ठरवणारे पण आमच्याबरोबर चालत होते, त्यांच्या पण पायाला फोड होते.

सगळं मिळालं असं नाय, लेखी आश्वासनं दिली आणि २०२३ ला परत निघावं लागलं. पण पाहुण्यासारखं कधी वाटलं नाय.

भोसरीकर_उद्योजक
पोरांच्या परीक्षेचं खरंच मानलं पाहिजे. तेव्हा मी पण टाळ्या वाजवल्या होत्या.

सोलापुरी_शेंगाचटणी
आमच्या आडम मास्तरांशिवाय (नरसय्या आडम, माकपचे सोलापूरचे नेते) हा धागा पूर्ण होऊच शकत नाही. कुंभारीला विडी कामगार बायांची दहा हजार घरं, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने. माझी आत्या तिथे राहते. दिवसाला हजार विड्या वळून बोटं पिवळी झालेली बाई, तिच्या नावावर घर. नवऱ्याच्या नाही, तिच्या. नंतर रे नगर, तीस हजार घरांचं, त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान येऊन देऊन गेले.

आता गंमत ऐका. २०१९ ला मास्तरांनी याच घरांच्या कामावरून स्टेजवर मोदींचं कौतुक केलं. झालं, पक्षाने केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. आत्या म्हणाली, "घर बांधतेल त्यांना घरी बसवतेत व्हय?" तिला पक्षाची शिस्त वगैरे समजावून सांगायचा प्रयत्न केला मी. तिने मला चहा दिला आणि विषय बदलला.

निळा_कंदील
पक्षाचं पण एक म्हणणं असेल ना. ज्यांच्याविरुद्ध कामगार कायद्यांवरून संप पुकारताय त्यांचंच स्टेजवर कौतुक, तर खालच्या कार्यकर्त्याने काय सांगायचं गेटवर?

सोलापुरी_शेंगाचटणी
असेल की. मी कुठे नाही म्हणतोय. फक्त हे म्हणणं आत्याला ऐकवायला कोणी आलं नाही, चाव्या द्यायला मात्र सगळे आले.

वाचकमात्र_७७
अवांतर: डाव्यांच्या मीटिंगला कोरा चहाच का असतो? दूध भांडवलदार आहे का?

शाल्मली_के
कारण मीटिंग कधी संपेल माहीत नसतं आणि दूध नासतं. अनुभवाचे बोल.

बॉयलरमन
समाजवाद्यांकडे दुधाचा असायचा. पण त्यांचा चहा होईपर्यंत पक्ष फुटायचा.

तिरकस
@बॉयलरमन हा प्रतिसाद फ्रेम करून लावा 🙏

पावतीपुस्तक
मी एका कामगार संघटनेत चौतीस वर्षं काम केलं, आता रिटायर आहे. वर सगळ्यांचं वाचलं. सावकाश टाइप करतो, लांबलं तर माफ करा.

थर्डशिफ्ट, तुम्हाला एक विचारतो. त्या लोकांनी तुमच्याकडून वर्गणी घेतली का? पावती फाडली का?

थर्डशिफ्ट
नाही काका. मित्राने विचारलं होतं, तर म्हणाले तुमच्याकडून पैसे घ्यायला बरं वाटत नाही.

पावतीपुस्तक
वाटलंच. त्यांना वाटलं दया केली. पण पावती फाडलेला माणूस बोलतो कसा माहितीय? "ओ, मागच्या महिन्याचे वीस रुपये घेतलेत, माझ्या केसचं काय केलंत?" आमच्याकडे एक वॉर्डबॉय होता, दर पाच तारखेला ऑफिसात येऊन आधी मला शिव्या द्यायचा, मग पैसे द्यायचा, मग चहा प्यायचा. तो शिव्या द्यायचा बंद झाला असता तर मला काळजी वाटली असती. फुकट बोलावलेला माणूस शिव्या देत नाही. तो बस आहे म्हणून गुपचूप निघून जातो, तुम्ही गेलात तसा.

युनियन संपल्या असं लोक म्हणतात. कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांचं बघा. मुंबई पालिकेने त्यांना कामगार म्हणायलाच नकार दिलेला. कागदोपत्री ते स्वयंसेवक. कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं कोर्टात भांडला आणि २०१७ ला सुप्रीम कोर्टात २,७०० जणांना कायम करायचा निकाल मिळाला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, तिच्या कष्टाची भाकर केंद्रावर स्वस्तातलं जेवण आजही कोणीही जाऊन खाऊ शकतो. पुण्याच्याच कचरावेचक बायांची पंचायत ९३ पासून आहे, ओळखपत्र गळ्यात घालून फिरतात बाया. यातल्या प्रत्येक ठिकाणी शिकलेली, वरच्या जातीची, इंग्लिश येणारी माणसं होतीच की. डांगे पण शिकलेलेच. तेव्हा शिकलेला असणं हा दोष नाही. ती माणसं हजेरीपत्रक वाचायला शिकली. पगाराची स्लिप उलटी धरली तरी वाचता येईल इतकी शिकली. ते कंटाळवाणं काम आहे, त्याचं पोस्टर होत नाही.

आमच्याही चुका सांगतो, नाहीतर @निळा_कंदील पाचर मारतील आणि बरोबरच मारतील. आम्ही कायम कामगारांच्या करारावर सही करताना कंत्राटी मुलांकडे काणाडोळा केला. दर करारात पगारवाढ घेतली आणि भरती बंद होऊ दिली. मी स्वतः अशा दोन करारांवर सही केलीय. तुमच्यासारखी मुलं त्यातूनच आली. तेव्हा आजची पोरं शब्दांवर भांडतात म्हणून हसायचा मला फारसा हक्क नाही.

आता माझा खरा प्रश्न, जो वाचल्यापासून डोक्यात आहे. ते बोट. कुठल्या साली गेलं? ईएसआय (कामगारांचा विमा) कापत होते का तेव्हा? अपघाताचा रिपोर्ट कोणी भरला होता?

थर्डशिफ्ट
२०१९ ला काका. ईएसआय कापत होते. ठेकेदाराने खाजगी दवाखान्यात नेलं, बिल रोख भरलं, म्हणाला ईएसआयला गेलास तर कंपनी लाईनवर घेणार नाही. रिपोर्ट बिपोर्ट काय नाही. दोन महिन्यांनी परत लागलो.

पावतीपुस्तक
सगळीकडे हेच करतात. कामावर अपघात झाला की रिपोर्ट भरायची जबाबदारी मालकाची असते. मग मेडिकल बोर्ड बघतं किती टक्के कमाईची ताकद गेली, त्यावर कायमस्वरूपी अपंगत्वाची रक्कम बसते. ती दया नाही, त्या विम्याचे पैसे तुमच्या पगारातून कापलेत. उशीर फार झालाय, त्यामुळे होईलच असं वचन देत नाही. पण दवाखान्याचा केसपेपर, त्या महिन्याचा ईएसआय भरल्याचा रेकॉर्ड, बरोबर असलेल्या एकदोघांची नावं, एवढं घेऊन शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पीएफचं वेगळं, ठेकेदाराने बुडवला तर मूळ कंपनी हात झटकू शकत नाही. तो अर्ज मी लिहून पाठवतो, निरोप करा.

शाल्मली_के
पंचवीसेक प्रतिसाद झाले आणि बोटाबद्दल आत्ता कोणीतरी विचारलं. माझ्यासकट.

भोसरीकर_उद्योजक
खरंय. मी पण वाचलं होतं आणि पुढे गेलो. थर्डशिफ्ट, ईएसआयचे कागद कसे काढायचे यात मदत लागली तर सांगा, ते मला रोजचं आहे.

तिरकस
वर्गसंघर्ष संपला काय या धाग्यावर? मग माझ्या पॉपकॉर्नचं काय करू

निळा_कंदील
खा. आणि मूळ प्रश्न राहिला, परिषदेला जायचं का नाही. माझं मत, जा, आणि पाच मिनिटांत अनुभव न सांगता पीएफची रक्कम, ठेकेदाराचं नाव आणि किती माणसं एवढंच सांगा. ठराव करायला लावा. नाही केला तर तिथेच विचारा का नाही.

सुरगाणेकर
जा भाऊ. पण सहाजण जा, एकटे नको.

चिंचपोकळीचा_नातू
मी नसतो गेलो. पण आजोबा गेले असते, आणि खुर्च्या लावायला अर्धा तास आधी गेले असते.

थर्डशिफ्ट
(तीन आठवड्यांनी) सगळ्यांचे आभार, उशीर झाला. अपडेट देतो.

परिषदेला गेलो नाही. त्या दिवशी सेकंड शिफ्ट आली, नवीन ठेकेदार आहे, नाही म्हणता येत नाही. बाकीचे दोघे गेले होते. कंदीलभाऊंनी सांगितलं तसं आकडे घेऊन गेले. ठराव झाला म्हणतात, इंग्लिशमध्ये पण वाचून दाखवला.

पण त्याआधी एक झालं. मीटिंगचं लिहून घेणारी एक मुलगी होती त्यांच्यातली, तिचा फोन आला की फोटोच्या दिवशी बोटाचं बघितलं होतं, तेव्हा विचारायचं राहून गेलं. तिला काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तर हाफ डे टाकून माझ्याबरोबर ईएसआयच्या ऑफिसात आली. खिडकीवरचा माणूस अर्ज घेत नव्हता, जुनं प्रकरण आहे म्हणे. ती तिथेच बाकावर बसून राहिली, दोन तास. मग घेतला. पोच मिळाली. पीएफचा अर्ज पण गेला. बाहेर टपरीवर चहा प्यालो, दुधाचा. मी तिला म्हटलं वर्गणी घ्या आमची, महिना वीस रुपये, सहा जणांची. म्हणाली आमच्याकडे पावतीपुस्तकच नाहीये. म्हटलं छापून घ्या.

तिरकस
पोस्टर आलं का?

थर्डशिफ्ट
आलं. डावी मूठ, फार छान दिसते. नवीन कंपनीच्या गेटबाहेरच्या खांबाला लावलंय कोणीतरी.

पावतीपुस्तक
पोचेवर आवक क्रमांक आहे का बघा. असला तर फोटो काढून मला पाठवा. बोर्डाची तारीख आली की कळवा, आणि २०१९ चा एक्सरे असला तर झेरॉक्स द्यायची, मूळ फिल्म कोणाच्याही हातात द्यायची नाही.